राखेखालचं घर

"आइसलँड? म्हणजे नुसता बर्फच ना गं?"

परत आल्यापासून हा प्रश्न मला किमान पन्नास वेळा विचारला गेलाय. मेसच्या रांगेत, जर्नल सर्टिफाय करायच्या गर्दीत, एवढंच काय, व्हायव्हाला एक्स्टर्नल सरांनीसुद्धा काँक्रीटच्या ग्रेड्स बाजूला ठेवून हाच विचारला! तेव्हा मित्रमैत्रिणींनो, एकदाच काय ते लिहून टाकते. नाही, नुसता बर्फ नाही. मी जिथे गेले होते तिथे तर जमीन गरम होती. हाताला चटका बसेल इतकी नाही, पण 'कुणीतरी आत्ताच इथून उठून गेलंय' असं वाटावं इतकी.

मॅगझीनच्या मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या बॅचला धक्का बसणार हे नक्की. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. घरी मराठी बोलते, भांडते मराठीत, पण आकडे मात्र अजून इंग्रजीतच कळतात. भाजीवाल्या मावशी 'एकोणसाठ रुपये' म्हणाल्या की मी मनातल्या मनात 'फिफ्टी नाइन की सिक्स्टी नाइन' करत उभी राहते आणि शेवटी शंभराची नोट पुढे करते. तरीही हा लेख मराठीतच लिहायचा होता. कारण तो ज्या व्यक्तीबद्दल आहे, तिला तो वाचता यायला हवा.

ती व्यक्ती म्हणजे माझी आत्या. वय वर्षे पासष्ट, राहणार सातारा, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. तिची मुलगी, म्हणजे माझी ताई, रेक्याविकला जमिनीखालच्या उष्णतेवर संशोधन करते. आत्याला लेकीकडे जायचं होतं, पण विमानं बदलत एकटीने जायची तिची तयारी नव्हती. मग घरात बैठक बसली आणि सर्वानुमते माझी 'दुभाषी' म्हणून नेमणूक झाली. तिकीट आत्याचं, सुट्टी माझी. सामानात मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट बांधलेल्या दशम्या. जून महिना. तिथे रात्री अकरा वाजतादेखील लख्ख उजेड! आत्या पहिल्या दिवशी पडदे लावून झोपली आणि सकाळी म्हणाली, "इथं दिवेलागण कधी करतात गं?"

तिसऱ्या दिवशी ताईला लॅबमध्ये काम होतं. तिने आम्हाला पहाटेच बसमध्ये बसवून दिलं आणि म्हणाली, "हेईमाए बघून या. चालायचं गाव आहे, गाडी लागत नाही. आणि आईला डोंगरावर ने, हळूहळू चढेल ती."

हेईमाए हे आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यासमोरच्या वेस्टमन बेटांमधलं सगळ्यात मोठं बेट. मोठं म्हणजे किती, तर जेमतेम साडेतेरा चौरस किलोमीटर! नावाचा अर्थ 'घराचं बेट'. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास. आपल्या कॉलेजच्या गॅदरिंगला त्याहून जास्त गर्दी असते असं आमचा जीएस सांगत असतो. या बेटांमध्ये माणसं राहतात ती फक्त याच एका बेटावर. किनाऱ्यावरच्या बंदरातून बोट पाऊण तासाच्या आत पोहोचवते. २०१९ पासून ही बोट बॅटरीवरही चालते, हे मी आत्याला मोठ्या उत्साहाने सांगितलं. आत्याने दोन्ही हातांनी कठडा धरलेला होता. ती म्हणाली, "कशावरही चालू दे, पोचू दे म्हणजे झालं."

बंदरात शिरताना उजव्या हाताला हिरवागार सरळसोट कडा आणि त्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखे हजारो पक्षी. डाव्या हाताला मात्र काळ्या दगडांचा ढीग, अगदी पाण्यापर्यंत आलेला. मधून जेमतेम बोट जाईल एवढी वाट. आत्याने त्या काळ्या ढिगाकडे बोट दाखवलं. "हा तर आपलाच दगड."

खरंच आपलाच! सेकंड इयरला इंजिनिअरिंग जिऑलॉजीत आपण सगळ्यांनी पाठ केलं आहे : सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, वय सुमारे साडेसहा कोटी वर्षं. बेसाल्ट. इथलाही त्याच कुळीतला, फक्त हा दगड माझ्या बाबांपेक्षाही वयाने लहान आहे. १९७३ चा!

गावात आम्ही पायीच हिंडलो. पत्र्याच्या भिंतींची लाल, निळी, पिवळी घरं. रुंद आणि रिकामे रस्ते. माशांचा वास. सायकलवरची दोन पोरं आत्याच्या साडीवर चढवलेलं जाडजूड जॅकेट आणि खालचे स्पोर्ट्स शूज बघून थांबली आणि हसली. आत्याही हसली. बंदराच्या टोकाला एक काळं लाकडी चर्च आहे, नॉर्वेने २००० साली भेट दिलेलं. त्याच्या मागेच तो लाव्हा सुरू होतो. रस्ता चालता चालता एकदम संपतो आणि समोर काळी भिंत उभी राहते. जणू कुणी गावाचं अर्धं पान काळ्या शाईने खोडून टाकलंय.

त्या भिंतीवर चढायला पायऱ्या आहेत. वर गेल्यावर पायवाट, शेवाळ, वाऱ्यात वाकलेली जांभळी फुलं आणि मधूनमधून पाट्या. पाटीवर रस्त्याचं नाव. मी आत्याला वाचून दाखवलं : "इथे, आपल्या पायाखाली, अमुक रस्ता आहे." आत्या दोन पावलं बाजूला सरकली. आपण एखाद्याच्या समाधीवर चुकून पाय ठेवल्यावर सरकतो ना, तशी.

आता थोडा इतिहास. (बोअर होणाऱ्यांनी पुढच्या पॅराग्राफवर उडी मारायला हरकत नाही, पण मारू नका!) २३ जानेवारी १९७३. रात्रीचे दोन वाजायला काही मिनिटं कमी. गावाच्या पूर्वेच्या कडेला, शेवटच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर जमीन फाटली आणि आगीचं कारंजं सुरू झालं. ती भेग वाढत वाढत जवळपास दीड किलोमीटरची झाली. त्या वेळी गावात सुमारे ५,३०० माणसं. पण आदल्या दिवशी समुद्रात वादळ होतं, म्हणून मासेमारीच्या जवळजवळ सगळ्या बोटी बंदरात बांधलेल्या होत्या. लोक घरातून उठले, बंदरावर गेले, बोटीत बसले. सकाळ व्हायच्या आत जवळजवळ अख्खं गाव समुद्रापार होतं. म्हाताऱ्यांना आणि आजाऱ्यांना विमानाने हलवलं. उद्रेक जुलैपर्यंत, म्हणजे पाच महिन्यांहून अधिक काळ चालला. सुमारे ४०० घरं राखेखाली नाहीतर लाव्ह्याखाली गेली. जीव गेला फक्त एकाचा, विषारी वायूमुळे.

आणि आता आपल्या इंजिनिअर लोकांसाठी खरी मेजवानी. लाव्हा गावाइतकाच बंदराच्या दिशेनेही सरकत होता. तोंड बुजलं असतं तर बंदर गेलं असतं, आणि बंदर गेलं असतं तर घरं वाचूनही उपयोग नव्हता, कारण सगळं गाव मासळीवर जगणारं. तेव्हा थोर्ब्योर्न सिगुरगेइरसन नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने आग्रह धरला, की लाव्ह्यावर समुद्राचं पाणी मारा. लोक हसले. हजार अंशांच्या वर तापलेला डोंगर चालत येतोय आणि हे म्हणतात पाणी मारा! पण हिशोब सोपा आहे. एक किलो पाण्याची वाफ करायला २,२५७ किलोज्यूल लागतात, शिवाय थंड पाणी उकळेपर्यंत तापवायची उष्णता वेगळी. ही सगळी उष्णता लाव्ह्यातून काढून घ्यायची. पुढची कड थिजली की तीच भिंत होते आणि मागच्या लाव्ह्याला अडवते. सुरुवातीला साधे बंब, मग बोटींवरचे पंप, मग अमेरिकेहून आणलेले मोठे पंप आणि तापलेल्या लाव्ह्यावर पसरलेले पाइप. एकूण साठ लाख घनमीटरपेक्षा जास्त पाणी मारलं. बंदराचं तोंड अरुंद झालं, पण बुजलं नाही. उलट पूर्वी पूर्वेकडून थेट आत शिरणाऱ्या लाटा आता त्या नव्या काळ्या भिंतीवर आपटतात, त्यामुळे बंदर आधीपेक्षा सुरक्षित झालं. हीट ट्रान्सफरच्या पेपरात असा एक प्रश्न आला असता तर मी तरी दोन सप्लिमेंट घेतल्या असत्या.

एवढ्यावर हे लोक थांबले नाहीत. छपरांवरची राख फावड्यांनी काढली, ट्रकच्या ट्रक भरून नेली आणि विमानतळाची धावपट्टी लांबवायला भराव म्हणून वापरली. थिजणाऱ्या लाव्ह्यातली उष्णता नळांनी घरांत आणली आणि पुढे कित्येक वर्षं गाव तिच्यावर ऊब घेत राहिलं. ज्याने घरं खाल्ली, त्याच्याकडूनच उरलेल्या घरांचं भाडं वसूल केल्यासारखं!

गावाच्या कडेला 'एल्डहेइमार' नावाचं म्युझियम आहे, २०१४ साली उघडलेलं. आत मूर्ती नाहीत की तलवारी नाहीत. आत एक घर आहे. साधं, चारचौघांचं. चाळीस वर्षं राखेखाली होतं, ते उकरून काढलं आणि त्याच्याभोवती म्युझियमच्या भिंती उभ्या केल्या. फुटलेल्या खिडक्या, वाकलेलं छत, आत अजून राख. कानाला लावायला यंत्र देतात, त्यात त्या रात्रीची गोष्ट ऐकू येते. मराठीत अर्थातच नाही, म्हणून माझ्या दुभाषीपणाची खरी परीक्षा तिथे झाली. एक कान यंत्राला, एक आत्याला. 'इव्हॅक्युएशन'ला मी 'स्थलांतर' म्हटलं. आत्या हळूच म्हणाली, "स्थलांतर नव्हे गं, ते सरकारी कागदावर. जीव घेऊन निघाले, असं म्हण."

मग मी म्हटलं, "जीव घेऊन निघाले. पोरांना झोपेतून उचललं. दिवे तसेच राहिले."

त्यानंतर आत्याने भाषांतर मागितलं नाही. ती त्या घरासमोर बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं पाय दुखत असतील, म्हणून बाकावर बसायला बोलावलं. ती आली नाही.

दुपारी आम्ही डोंगर चढलो. एल्डफेल, म्हणजे आगीचा डोंगर. १९७३ च्या त्या रात्री इथे सपाट कुरण होतं, आज २०० मीटर उंचीचा लालसर डोंगर आहे. चढ फार नाही, पण पायाखालची खडी घसरते आणि वारा असा की बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आत्या दर शंभर पावलांनी थांबत होती. वर पोहोचलो तेव्हा खाली सगळं गाव पुठ्ठ्याच्या मॉडेलसारखं दिसत होतं : बंदर, रंगीत छपरं आणि अर्ध्यावर थांबलेला काळा लाव्हा. समुद्रात दूर दक्षिणेला सुर्तसे नावाचं बेट. तेही असंच, १९६३ साली समुद्रातून वर आलेलं. ताईने सांगितलं होतं, वर गेलात की थोडी खडी उकरून हात घाला. मी उकरली. खालची माती कोमट होती. पन्नास वर्षांनंतरही! उद्रेकानंतर इथले लोक या गरम जमिनीत पाव पुरून भाजायचे म्हणे.

आत्याने चप्पल काढावी तसे बूट काढले, खाली बसली आणि दोन्ही तळहात त्या खड्ड्यात ठेवले.

"पहाटेच्या चुलीची राख अशीच असते," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "सदुसष्ट साली आमची चूल अशीच होती. घर पडलं तरी राख गरम होती."

सदुसष्ट. मी सवयीने मनात भाषांतर केलं. सिक्स्टी सेव्हन. आणि एकदम पुस्तकातली ओळ डोळ्यांसमोर आली : रिझर्व्हॉयर इंड्यूस्ड सेस्मिसिटी, उदाहरण कोयना, १९६७. धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण. पाच मार्कांची टीप. मी ती परीक्षेत लिहिली होती, आकृतीसकट. पाचपैकी साडेचार मिळाले होते.

माझे आजोबा कोयना धरणावर कामाला होते, एवढं मला माहीत होतं. कोयनानगर सोडून ते कराडला आले, हेही. का आले, ते आमच्या घरात कुणी बोलत नाही. आत्या त्या दिवशी बोलली. ११ डिसेंबर, पहाट, कडाक्याची थंडी. धरण भरायला लागल्यापासून जमीन अधूनमधून गुरगुरायची, त्याची सवय झालेली. त्या पहाटे ती गुरगुरून थांबली नाही. दगडमातीच्या भिंती आत पडल्या. आजीने आत्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. आत्या सात वर्षांची होती. तिचा भाऊ तीन वर्षांचा होता. तो भिंतीच्या बाजूला झोपला होता.

"माझा भाऊ म्हणजे... बाबा?" मी विचारलं. प्रश्न तोंडातून निघतानाच मला कळत होतं की हिशोब जुळत नाही. बाबांचा जन्म १९६९ चा.

"तुझा बाबा दोन वर्षांनी झाला. आईने नाव तेच ठेवलं."

वारा एवढा होता, की तिला हे दोनदा सांगावं लागलं.

त्या भूकंपात सुमारे १८० माणसं गेली. धरणाला तडे गेले, पण ते उभं राहिलं, नंतर मजबूत केलं. हे सगळं पुस्तकात आहे आणि खरं आहे. आपल्या राज्यातले लाखो दिवे त्या पाण्यावर लागतात, हेही खरं आहे. त्या पाच मार्कांच्या टिपेत माझ्या एका काकाला जागा नाही, कारण टिपेत कुणालाच जागा नसते. त्याबद्दल मी पुस्तकावर रागावलेले नाही. पण ज्या घराच्या भिंतीने माणूस मारला ती भिंत कुणीतरी बांधलेली होती. दगड आपलाच, काळा, कणखर. कमी पडला तो दगड नाही, त्याला धरून ठेवणारं काम. दोन वर्षांनी आपण सगळे भिंती बांधणार आहोत. त्या दिवशी त्या डोंगरावर सिव्हिलला आल्याचा अर्थ मला जरा निराळा कळला. (आतापर्यंतचा अर्थ 'कॉम्प्युटरला मार्क कमी पडले' एवढाच होता.)

"आणि हे लोक परत आले?" आत्याने खाली गावाकडे बघत विचारलं.

मी म्हटलं, बरेचसे आले. राख काढली, नवी घरं बांधली.

"यांची पोरं सगळी बोटीत होती," आत्या म्हणाली. "म्हणून आले." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. ती नुसती बेरीज-वजाबाकी करत होती, तिसरीच्या वर्गाला शिकवावी तशी. मग तिने पिशवीतून दशम्या काढल्या, एक त्या कोमट खड्ड्यात कागदासकट ठेवली आणि पाच मिनिटांनी मला दिली. फार गरम झाली नव्हती. पण मी आजवर खाल्लेल्या कुठल्याही दशमीची चव मला इतकी लक्षात नाही.

उतरताना ती पुढे आणि मी मागे होते. वाटेत लाव्ह्यावर एक बाथटब दिसला. आत्याला वाटलं कुणी टाकून दिलाय. त्याचीही गोष्ट आहे. १९८४ च्या मार्चमध्ये रात्री एक मासेमारी बोट उलटली. बावीस वर्षांचा एक खलाशी गोठवणाऱ्या पाण्यात तासन् तास पोहत किनाऱ्याला लागला आणि या धारदार दगडांवरून अनवाणी चालत गावात पोहोचला. वाटेत मेंढ्यांसाठी ठेवलेल्या टबातला बर्फ फोडून तो पाणी प्यायला. त्याचे चार सोबती परत आले नाहीत. म्हणजे या गावाच्याही बेरजेत वजा आहेतच. मी हे आत्याला सांगितलं. ती टबाच्या कडेवरून हात फिरवून म्हणाली, "आणि तरी इथं राहतात. होड्या घेऊन जातात." मघाचं गणित तिने परत मांडायला घेतलंय हे मला कळलं, पण मी मध्ये बोलले नाही.

संध्याकाळी (म्हणजे घड्याळातल्या, उजेड दुपारचाच!) बंदरावर बोटीची वाट बघताना एका दुकानात पफिन पक्ष्यांची चित्रं होती. ऑगस्टच्या शेवटी या पक्ष्यांची पिल्लं कड्यांवरून समुद्राकडे झेपावताना गावातल्या दिव्यांना भुलतात आणि रस्त्यावर येऊन पडतात. मग गावातली मुलं रात्रभर खोकी घेऊन हिंडतात, पिल्लं गोळा करतात आणि दुसऱ्या दिवशी समुद्रावर नेऊन सोडतात. आत्याने त्यातलं एक चित्र विकत घेतलं. कुणासाठी, असं मी विचारलं नाही.

ताईला हे सगळं आधीपासून माहीत होतं का, आणि म्हणून तिने आम्हाला तिकडे पाठवलं का? तेही मी विचारलं नाही. ताईने रात्री फक्त विचारलं, "वर गेली आई?" आणि मी "गेली" म्हटलं. ग्रिंडाविक नावाचं एक गाव रेक्याविकजवळच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये तेही असंच एका रात्रीत रिकामं करावं लागलं आणि पुढच्या जानेवारीत लाव्ह्याने तिथली तीन घरं गिळली. या देशात असल्या गोष्टी जुन्या होतच नाहीत, असं ताई म्हणते. त्यामुळे बहुतेक इथे त्यांच्याबद्दल बोलतात.

घरी आल्यावर आत्याने ते चित्र बाबांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत कोयनेला जायचंय. आपण दोघांनी." बाबांनी आयुष्यात कोयनानगर पाहिलेलं नाही. ते काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी फक्त विचारलं, "कराडहून एसटी किती वाजता असते?"

मीही जाणार आहे. या वेळी दुभाषी लागणार नाही. पण दशम्या कोणी धरायच्या?